लाकडाला विचारून कोरलेली अक्षरं

उरणहून पनवेलकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंटेनरची यार्डं लागतात आणि यार्डांच्या कडेला लाकडी पॅलेटच्या थप्प्या. माल उतरला की पॅलेटचं काम संपलं. मग ती भंगारात जातात. कुणी त्यांचे बाक करतं, कुणी कोंबड्यांची खुराडी, उरलेली चुलीत. यातलं एखादं पॅलेट उलटसुलट करून पाहावं. त्याच्या ठोकळ्यावर डागलेला शिक्का सापडेल: गव्हाची ओंबी, देशाची दोन अक्षरं, एक क्रमांक आणि शेवटी ‘एचटी’ किंवा ‘एमबी’. लाकडातून एका देशाची कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून २००२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाची ही खूण आहे. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. न्हावा शेवाचं बंदर १९८९ साली सुरू झालं. त्याआधी या भागात बंदर म्हटलं की मोरा, भाऊच्या धक्क्यावरून येणाऱ्या लाँचचं. आता स्वीडन-जर्मनीच्या जंगलांतला पाइन मोऱ्यापासून काही किलोमीटरवर येऊन पडतो, अंगावर अक्षरं घेऊन.

या शिक्क्याला कुणी मंत्र म्हणणार नाही. पण ‘रून’ नावाच्या ज्या अक्षरांना आज जगभर जादूची अक्षरं म्हणून मान मिळतो, ज्यांचे लाकडी संच लोक हाताने कोरून देव्हाऱ्यासारखे जपतात, त्यांचा लाकडावरचा सर्वांत मोठा साठा सापडला तोही एका बंदराच्या धक्क्यावर, आणि त्यातला बराचसा मजकूर या शिक्क्याच्याच जातकुळीचा होता.

नॉर्वेतल्या बर्गन शहरात ब्रिग्गन नावाचा जुना व्यापारी धक्का आहे. तिथे ४ जुलै १९५५ला मोठी आग लागली. जळालेल्या लाकडी वखारींच्या जागी आस्ब्यर्न हेर्टाइग यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन सुरू झालं आणि ओल्या चिखलात, हवा न लागल्यामुळे शाबूत राहिलेल्या काठ्या निघू लागल्या. चाकूने तासून चौकोनी केलेल्या, बोटाएवढ्या जाडीच्या, बहुतेक पाइनच्या काठ्या आणि त्यांच्या अंगावर कोरलेले रून. असे सुमारे ६७० लेख मिळाले, मुख्यतः बाराव्या ते चौदाव्या शतकातले. तोपर्यंत विद्वानांचा समज असा की, रून ही शिळांवर आणि शस्त्रांवर कोरायची भारदस्त लिपी, आणि ख्रिस्ती धर्माबरोबर रोमन अक्षरं आल्यावर ती मागे पडली. ब्रिग्गनच्या चिखलाने तो समज मोडला. काठ्यांवर काय होतं? हे पोतं अमक्याचं, अशा गाठोड्याला बांधायच्या चिठ्ठ्या. व्यापाऱ्यांनी एकमेकांना धाडलेले निरोप. लिपी शिकणाऱ्याने गिरवलेली अक्षरमाला. लॅटिन प्रार्थना. प्रेमाच्या गोष्टी. दारूच्या गुत्त्यात बसलेल्या नवऱ्याला ‘घरी ये’ म्हणून बायकोने पाठवलेला निरोप. आणि मासिकात छापता येणार नाही असा बराच मजकूर. कागद दुर्मिळ, चर्मपत्र महाग. लाकूड मात्र पायाशी पडलेलं आणि चाकू प्रत्येकाच्या कमरेला. म्हणून लोक लाकडावर लिहीत होते.

रूनमधली जुनी अक्षरमाला २४ चिन्हांची. पहिल्या सहा चिन्हांच्या उच्चारांवरून तिला फुथार्क म्हणतात. पुढे स्कँडिनेव्हियात ती १६ चिन्हांवर आली आणि इंग्लंडमध्ये उलट वाढत गेली. डेन्मार्कमधल्या विमोसे इथल्या दलदलीत मिळालेल्या, इसवी सन १६०च्या सुमाराच्या एका फणीवर पाचच अक्षरं आहेत. ती बहुधा फणीच्या मालकाच्या नावाची. म्हणजे सुरुवातीपासूनच मालकीची खूण हे रूनचं एक ठरलेलं काम होतं.

या चिन्हांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट खटकते. उभ्या रेघा आहेत, तिरक्या आहेत, आडवी मात्र जवळजवळ नाही, आणि गोलाई तर नाहीच. कारण लाकडात आहे. काठी आडवी धरून तिच्यावर लिहायचं तर लाकडाचे तंतू डावीकडून उजवीकडे धावत असतात. उभी रेघ तंतूंना छेदते, ती स्वच्छ उमटते आणि ठसठशीत दिसते. तिरकीही तशीच. पण तंतूंच्या दिशेने आडवी रेघ ओढायला जाल तर चाकू आपल्या ताब्यात राहत नाही. तो तंतूंच्या मधल्या फटीत शिरून पुढे सटकतो, ढलपी उडते, नाहीतर रेघ लाकडाच्या नैसर्गिक रेषांत हरवून जाते. गोल कोरताना तर अर्ध्या वळणावर हाच प्रकार. अक्षर कसं असावं हे लिहिणाऱ्याइतकंच लाकडाने ठरवलं, हे बहुतेक अभ्यासकांचं मत आहे.

आपल्याकडे नेमका उलटा खेळ झाला. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने कोरायचं तर पानाच्या शिरांच्या दिशेने ओढलेली सरळ रेघ पान फाडते. म्हणून ओडिया, तेलुगू, कन्नड या लिप्या गोल होत गेल्या, असं सांगितलं जातं. ओडियात तर देवनागरीतली सरळ शिरोरेषा वाकून छत्रीसारखी झाली. देवनागरी आणि मोडी यांना ही अडचण नव्हती. त्यांच्या वाट्याला शाई, बोरू आणि कागद आले. बोरू कागदावर कुठल्याही दिशेने फिरतो. त्यामुळे लाकडापुढे मराठी अक्षर थोडं लाडावलेलं ठरतं. शिरोरेषा ठोकायची म्हटली की पटाशी घसरते. त्यावर उपाय आहे, तो पुढे येईल.

मग रूनला जादूचं वलय आलं कुठून? ते पूर्ण बनावट नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इसवी सन ९८च्या सुमारास जर्मनिक टोळ्यांचं वर्णन लिहिलं. त्यात तो सांगतो की, हे लोक फळं देणाऱ्या झाडाची फांदी तोडतात, तिच्या चिपा करतात, त्यांवर खुणा करून पांढऱ्या कापडावर त्या विस्कटून टाकतात. मग गावाचा प्रश्न असेल तर पुजारी आणि घरचा असेल तर कुटुंबप्रमुख देवांची प्रार्थना करून, आकाशाकडे पाहत एकेक करून तीन चिपा उचलतो आणि खुणांवरून कौल सांगतो. या खुणा म्हणजे रूनच होते की आणखी काही, यावर एकमत नाही. पुढे तेराव्या शतकात लिहून ठेवलेल्या जुन्या नॉर्स काव्यात ओडिन हा देव वाऱ्यात हेलकावणाऱ्या झाडाला नऊ रात्री लटकून राहतो, भाल्याने स्वतःला जखम करून घेतो आणि त्या तपाचं फळ म्हणून त्याला रून मिळतात, अशी कथा आहे. झाडाला उलटं टांगून घेऊन तप करणारे ऋषी आपल्या पुराणांना अपरिचित नाहीत, त्यामुळे मराठी वाचकाला ही कथा परकी वाटू नये.

मला स्वतःला याहून मोलाची वाटते ती आइसलँडच्या एगिलच्या गाथेतली हकिगत. एगिल एका शेतकऱ्याकडे उतरतो, तर घरातली मुलगी अंथरुणाला खिळलेली. तिच्या बिछान्यात त्याला व्हेल माशाचं एक हाड सापडतं, त्यावर रून कोरलेले. मुलीवर जीव असलेल्या एका शेतकऱ्याच्या पोराने तिचं मन वळवण्यासाठी ते कोरले होते, पण चुकीचे. त्यांनी तिचा आजारच वाढवला. एगिल ती अक्षरं खरवडतो, हाड जाळतो आणि नवे रून कोरून तिच्या उशीखाली ठेवतो. वाचता येत नसेल त्याने कोरू नये, असं तो बजावतो. जादूवर विश्वास ठेवणाऱ्या त्या समाजालाही अर्धवट ज्ञानाने केलेल्या कोरकामाची भीती होती. आज बाजारात ‘या चिन्हाचा अर्थ पैसा, त्याचा अर्थ प्रेम’ असे तक्ते मिळतात ते पाहून एगिलने काय केलं असतं, याची कल्पना करता येते.

कारण ते तक्ते बरेचसे अलीकडचे आहेत. मध्ययुगीन रून-कवितांत प्रत्येक अक्षराला नाव आणि एखादं वर्णन आहे: गुरं, बैल, काटा, गारा, वर्ष. त्यावर भविष्याची इमारत उभी राहिली ती विसाव्या शतकात. ऑस्ट्रियाच्या गिडो फॉन लिस्टने १९०८ साली स्वतःची १८ रूनची माला मांडली आणि तिला आर्यवंशाच्या श्रेष्ठत्वाची जोड दिली. पुढे नाझींनी त्यातलं एक चिन्ह दुहेरी करून एसएस दलाच्या गणवेशावर चढवलं. स्वस्तिकाचं त्यांनी काय केलं हे आपल्याला ठाऊक आहे. रूनचंही तेच झालं. म्हणून युरोपात काही रून आजही जपून वापरावे लागतात आणि संच कोरणाऱ्याला हे माहीत असायला हवं. नंतर १९८२ साली अमेरिकेत राल्फ ब्लमचं पुस्तक आलं, त्याने भविष्यकथन घरोघरी नेलं आणि चोवीस रूनमध्ये एक कोरा रून घातला. त्याला जुन्या परंपरेत काहीच आधार नाही.

इतकं वजा केल्यावर उरतं काय? माझ्या मते मुख्य गोष्ट उरते. हाताने संच कोरणारे लोक चिन्हाच्या अर्थाबद्दल जे बोलतात त्यापेक्षा लाकडाबद्दल जे करतात ते अधिक जुनं आणि अधिक खरं आहे. ते शक्यतो पडलेली फांदी घेतात. जिवंत झाडाची घ्यायची तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसतात, परवानगी मागतात, बुंध्याशी काहीतरी ठेवतात, मग कापतात. फांदीचं वरचं टोक कुठलं हे लक्षात ठेवतात. हे सगळं कुणाला हौशी लोकांचं नाटक वाटेल. पण वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’ उघडली तर सहाव्या शतकातल्या या पंडिताने ‘वनसंप्रवेश’ नावाचा अख्खा अध्याय यावरच लिहिला आहे: मूर्तीसाठी लाकूड आणायला रानात कसं जावं. स्मशानातलं, वाटेवरचं, देवळाजवळचं, वारुळावरचं झाड घेऊ नये. वेलींनी वेढलेलं, विजेने किंवा वाऱ्याने मोडलेलं, पक्ष्यांची घरटी असलेलं घेऊ नये. निवडलेल्या झाडाची आदल्या रात्री पूजा करावी, नैवेद्य ठेवावा आणि त्यात वस्तीला असलेल्या भूतमात्रांना दुसरीकडे जाण्याची विनंती करावी. तोडण्याआधी खोडावर दिशांच्या आणि वर-खालच्या खुणा कराव्यात, कारण झाड ज्या दिशेला तोंड करून उभं होतं त्याच दिशेने मूर्ती बसवायची. म्हणजे झाड मूर्ती होतं तेव्हाही ते आपली दिशा विसरत नाही, अशी ही समजूत आहे. आजच्या एखाद्या रूनकाराने हा अध्याय वाचला तर त्याला आपलीच कार्यपद्धती कुणीतरी चौदाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवल्यासारखं वाटेल.

आणि लाकडावर कोरलेली अक्षरं? त्यासाठी मोऱ्याहून नॉर्वेला जायची गरज नाही. पनवेलहून बोरघाट चढला की मळवलीजवळ भाज्याची लेणी आहेत. तिथल्या चैत्यगृहाचं छत दगडातच कमानदार कोरलेलं आहे, तरी कारागिरांनी त्याला खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवल्या, जणू दगडाचं घर लाकडाचंच असल्याचं भासवायचं होतं. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचं हे काम. या फासळ्यांवर ब्राह्मी अक्षरांत कोरलेले छोटे लेख आहेत, पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी ते १९५०च्या दशकात उजेडात आणले. त्यातला एक धमभाग नावाच्या व्यक्तीने दिलेल्या भेटीचा उल्लेख करतो. दोन हजारांहून अधिक वर्षं सह्याद्रीचा पाऊस समोर कोसळत असताना हे लाकूड टिकलं आणि त्यावरचं नावही. खालून पाहणाऱ्याला ती अक्षरं दिसणं कठीणच. तरी ती कोरली. दान केल्याची नोंद लाकडाजवळ राहिली म्हणजे झालं. कार्ल्याच्या चैत्यातही स्तूपावरची लाकडी छत्री अजून उभी आहे. महाराष्ट्रात कोरीव अक्षर आणि श्रद्धा यांची लाकडाच्या साक्षीने पडलेली इतकी जुनी गाठ दुसरी मला तरी माहीत नाही.

लाकूड निवडणं हीच एक भाषा आहे, हे आपल्याकडे होमाच्या समिधांत दिसतं. नवग्रहांसाठी नऊ: सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा, केतूला दर्भ. शेवटची दोन लाकडं नव्हेत, गवतं आहेत. छायाग्रहांना खोड नाही हे कुणीतरी मोठ्या खुबीने ठरवलेलं दिसतं, की हा माझा खुळा तर्क? वारकऱ्याच्या गळ्यातली माळ तुळशीच्या लाकडाची. पंढरपुरात काशीकापडी समाजातली घरं पिढ्यान्‌पिढ्या वाळलेल्या तुळशीच्या काड्यांचे मणी घडवत आली. माळेवर एकही अक्षर नसतं, तरी ती घालणं म्हणजे व्रत घेणं. पालघर-नाशिकच्या डोंगरपट्ट्यात वारली, कोकणा, महादेव कोळी वाघदेव पुजतात. अनेक ठिकाणी तो लाकडी फळीवर कोरलेला असतो. वर सूर्य-चंद्र, खाली वाघ, कुठे नाग. वाघबारशीला त्याची पूजा. मेळघाटातले कोरकू मृतांच्या स्मरणार्थ सागाच्या फळ्या कोरून झाडाखाली उभ्या करतात, त्यांना मुंडा म्हणतात. त्यांवरही सूर्य-चंद्र आणि घोडेस्वार. दगडाची गोष्ट वेगळी. उरणजवळ रानवडला आणि चांजे इथे शिलाहार राजांचे शिलालेख मिळाले, त्यांतला राजा सोमेश्वराचा चांजे लेख शके ११८२चा. शिळेवरचं दान आचंद्रसूर्य टिकावं अशी राजाची अपेक्षा. लाकडावरच्या वाघदेवाकडून तशी अपेक्षा कुणी करत नाही; तो उन्हा-पावसात झिजतो, वाळवी लागते आणि मग दुसरा कोरला जातो.

परवानगी मागण्याच्या गोष्टीला या भागात एक कडवट बाजूही आहे, आणि ती टाळून पुढे जाणं बरं नाही. उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. मिठाच्या सत्याग्रहानंतर पावसाळ्यात लोक जंगलकायदे मोडायला निघाले. ज्या रानातून पिढ्यान्‌पिढ्या लाकूडफाटा आणला तिथेच फांदी तोडणं गुन्हा ठरलं होतं. अक्कादेवीच्या डोंगरापाशी पोलिसांनी गोळीबार केला आणि सत्याग्रही मारले गेले. त्यांचं स्मारक गावात आहे. झाडाची परवानगी मागणारा आणि सरकारी परवान्यासाठी हेलपाटे घालणारा, असे दोघेही इथल्या लाकडाच्या इतिहासात आहेत.

आजही कायदा बाजूला ठेवता येत नाही. मोऱ्याच्या किनाऱ्याला तिवरं भरपूर, पण त्यांची फांदीही तोडू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभरातल्या तिवरतोडीला मनाई केली. कर्नाळा अभयारण्यातून पडकी काटकीसुद्धा उचलून आणता येत नाही. मग लाकूड कुठून? परसातल्या आंब्या-फणसाची छाटणी होते तेव्हा. वादळात रस्त्यावर पडलेल्या फांद्या नगरपालिकेची माणसं कापतात तेव्हा, त्यांना विचारून. सुताराच्या दुकानातले सागाचे तुकडे तर पोत्याने मिळतात. शिवण मिळाली तर सोनं. हलकी, एकसारख्या पोताची, हत्याराला मऊ आणि वाळल्यावर फारशी न वाकणारी. पॅलेटचा पाइन घ्यायचा तर एचटीचा घ्यावा, एमबीचा नको. कण्हेर आणि बिब्बा यांच्या वाटेला जाऊ नये. पहिली विषारी आणि दुसऱ्याचा चीक अंगावर फोड आणतो.

दुकानात मिळणारे रून बहुधा फांदीच्या आडव्या चकत्यांवर असतात. दिसायला गोड, सालीची कडा असलेल्या. पण ब्रिग्गनच्या काठ्या तशा नव्हत्या. चकतीवर तंतू आडवे नसतात, उभे आपल्याकडे टोकं करून असतात, त्यामुळे ज्या कारणाने रूनना तो आकार आला ते कारणच तिथे गायब होतं. शिवाय चकती तडकते. ओलं लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेने जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मं गाभ्याच्या दिशेने. हा ताण चकतीला सोसत नाही आणि मध्यापासून कडेपर्यंत पाचर मारल्यासारखी चीर पडते. कोकणातला सुतार हे शिकायला पुस्तक उघडत नाही. म्हणून रूनसाठी फांदी उभी चिरून तिच्या चपट्या पट्ट्या कराव्यात, गाभ्याची नळी टाळावी, टोकांना मेण किंवा रंग लावावा म्हणजे पाणी टोकांतून घाईने निघून जाणार नाही, आणि सावलीत वारा लागेल अशा जागी रचून ठेवावं. दिवाळीनंतर सुरुवात केली तर उत्तम. पावसाळ्यात इथली हवाच इतकी ओली की लाकूड वाळण्याऐवजी बुरशी धरतं.

देवनागरीची अडचण सांगितली होती, ती इथे सुटते. ज्या चकतीला रूनसाठी मी नावं ठेवली तीच देवनागरीला हवी. तंतूंची टोकं वर असलेल्या घट्ट लाकडावर हत्यार कुठल्याही दिशेला सारखंच चालतं, म्हणून युरोपातले कोरीव चित्रकार अठराव्या शतकात बॉक्सवूडची अशीच टोकं वापरू लागले आणि त्यांवर केसासारख्या रेघा काढू लागले. आपल्याकडे त्यासाठी चांगल्या वाळलेल्या बाभळीचा गाभा किंवा खैर चालेल, मात्र हात दुखतील. ‘ळ’ची दोन वेटोळी आडव्या तंतूंच्या पट्टीवर कोरून पाहावीत आणि मग चकतीवर, फरक लगेच कळतो. ब्राह्मी घ्यायची तर तिची काही अक्षरं दोन्हीकडे जमतात: तिचा ‘ग’ म्हणजे कौलारू छपराचा आकार.

हत्यारं थोडी. धारदार छोटा चाकू, अर्ध्या बोटाची पटाशी, बारीक कानस, पॉलिश पेपर. चाकूने रेघेच्या दोन्ही बाजूंनी तिरका काप द्यायचा, म्हणजे इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच मिळते आणि ढलपी आपोआप सुटते. हात नेहमी धारेच्या मागे. ज्याने घाई केली त्याच्या अक्षराचा शेवट पट्टीच्या टोकापर्यंत पळतो. खंडेनवमीला सुतार हत्यारांना हळद-कुंकू वाहून त्या दिवशी ती वापरत नाही. हौशी माणसाने निदान धार लावण्याची सवय त्याच्याकडून घ्यावी. बोथट पटाशीने एकाग्रता येत नाही, जखम होते.

कोरलेल्या रेघांत लाल भरायची चाल जुनी आहे. स्कँडिनेव्हियातल्या काही रूनशिळांवर लाल रंगाचे अंश सापडले आहेत. मराठी हात इथे नकळत शेंदराच्या डबीकडे जाईल. पण पारंपरिक शेंदूर हे शिशाचं संयुग आहे. बोटांनी रोज हाताळायच्या वस्तूवर ते नको. गेरू घ्यावा, जवसाच्या तेलात खलून रेघेत भरावा आणि वर सांडलेला पॉलिश पेपरने काढावा. पट्टीला तेच तेल पातळ चोळायचं, एक दिवस वाळू द्यायचं, पुन्हा चोळायचं. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, पसरून वाळवावीत. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा झालेल्या फडक्याला स्वतःहून आग लागू शकते.

संच तयार झाला की लोक तो कापडावर टाकून प्रश्न विचारतात. कोकणातल्या देवळात गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवून कौल लावतो, उजवी पडली की होकार. टॅसिटसच्या पुजाऱ्याची तीन चिपांची रीत याहून फार वेगळी नाही, आणि त्यातला एक नियम दोन्हीकडे लागू पडावा असा आहे: एकदा देवांनी नकार दिला की त्या विषयावर त्या दिवशी पुन्हा विचारायचं नाही. हव्या त्या उत्तरापर्यंत चिपा उधळत राहायची सोय तिथे नव्हती. भविष्य कळतं का, या प्रश्नावर माझं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. पण लाकूड निवडण्यापासून तेल जिरेपर्यंत जे महिने जातात, त्यांत माणूस एका फांदीकडे जितकं लक्ष देतो तितकं एरवी देत नाही. ज्यांना त्यात देव भेटतो ते खोटं बोलतात असं मला वाटत नाही.

पहिल्यांदा कोरणाऱ्याने चोवीस चिन्हांच्या मागे लागू नये. एक पट्टी घ्यावी आणि तिच्यावर नाव कोरावं. ब्रिग्गनच्या व्यापाऱ्याने कोरलं तसं मालकाचं, किंवा भाज्याच्या धमभागाने कोरवलं तसं देणाऱ्याचं. झाड कुठलं आणि कुठे पडलं होतं, हे पट्टीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवावं.